झऱ्याची सोमवारची सुट्टी

"अंगठा आधी, टाच मागून, घाई केलीस तर निघशील भाजून!"

वाफेतून यायचा तो आवाज. मावशी दिसायची नाही. मोठ्या हौदावर वाफ अशी दाटलेली असायची की समोरची भिंतसुद्धा अंदाजानेच धरावी लागे. एवढीशी भिंगरी पायरीवर बसून पायाचा अंगठा पाण्याला लावायची, चटकन ओढून घ्यायची, पुन्हा लावायची. खाली बसून हे एवढं पाणी तापवतं तरी कोण, असं तिने एकदा त्या पायरीवरूनच विचारलं होतं.

"जमिनीला विचार," वाफेतून उत्तर आलं. "मला काय ठाऊक? मी आपली टॉवेल देणारी."

पोरांना असली उत्तरं दिली की ती गप्प बसतात आणि विसरतात. भिंगरी गप्प बसली, पण विसरली नाही. शाळा झाली, कॉलेज झालं, दगडांची पुस्तकं झाली, पाण्याच्या परीक्षा झाल्या, आणि शेवटी जमिनीला विचारत हिंडणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा होऊन बसला. खात्याच्या ओळखपत्रावर तिचं भारदस्त नाव होतं, पुढे पदवी होती. मावशीच्या गल्लीत मात्र ती उतरली ती भिंगरी म्हणूनच.

गल्ली तशीच होती. चढाची, पायऱ्यापायऱ्यांची, खाली ओढा आणि वर टेकडी. मध्यावर मावशीचं न्हाणीघर. दारावर पाटी: 'गरम पाणी. थेट जमिनीच्या पोटातून.' रंग नवा होता, अक्षरं तीच.

"वाळलीस किती गं!" मावशीने तिला दोन्ही दंडांना धरून उजेडाकडे वळवलं. "तुझ्या खात्यात जेवायला घालतात की नुसते दगड चघळायला लावतात?"

"मावशी, हा माझ्याबरोबर काम करतो. याला सगळे पाना म्हणतात."

"पाना? मग दारात काय उभा राहिलास बाबा? आत ये, माझा एक नळ गळतोय."

पानाने पेट्या खाली ठेवल्या, खिशातून खरोखरचा पाना काढला आणि नळाखाली बसला. यंत्रं जोडणारा माणूस, हात स्वस्थ राहत नसत. "शास्त्रज्ञांबरोबर आलो होतो," तो नळाला म्हणाला, "उंबरा ओलांडला आणि प्लंबर झालो."

कामाचं स्वरूप सांगायला साधं होतं. या खोऱ्यात गरम पाण्याचे चार-दोन झरे होते. त्यांच्याखाली वीज करण्याइतकी उष्णता आहे का, आणि असली तर चाचणीची बोअर नेमकी कुठे मारायची, एवढं भिंगरीने सांगायचं होतं. खोल बोअर मारणं म्हणजे एकदाच फेकायचा फासा. चुकीच्या जागी मारली तर वर कोमट पाणी येणार, वरिष्ठ फाईल मिटणार आणि या खोऱ्याकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहणार नाही.

मावशीचा झरा त्यातला सगळ्यात मोठा. म्हणून सुरुवात तिथूनच.

सकाळची नेहमीची मंडळी हौदात बसली होती. निवृत्त पोस्टमन टपालकाका गुडघे बुडवून, आणि शिवणाचं दुकान चालवणाऱ्या शिवणकाकू मनगटं बुडवून. आयुष्यभर एकाने पायऱ्या चढल्या होत्या, दुसरीने कात्री चालवली होती. भिंगरी काठावर उकिडवी बसून सिरिंजने पाणी ओढत होती, बारीक गाळणीतून बाटलीत सोडत होती, एका बाटलीत आम्लाचे थेंब टाकून झाकण घट्ट लावत होती.

"काय शोधतेस पोरी?" टपालकाकांनी विचारलं.

"विरघळलेला दगड."

"यात? पाणी तर आरशासारखं आहे."

"चहात साखर दिसते का काका? तसंच. खाली खडक तापलेला असतो. पाणी जितकं गरम, तितका दगड जास्त खातं. मग वर येता येता ते निवतं, पण खाल्लेलं लगेच टाकत नाही. पोटात घेऊनच वर येतं. तेवढं मोजलं की कळतं, खाली किती गरम होतं ते. गार झालेल्या चहाचा रंग बघून सांगता येतं ना, किती उकळला होता?"

"आमच्या सुनेच्या चहावरून नाही सांगता येत," शिवणकाकू म्हणाल्या, आणि हौदभर हसू पसरलं.

मावशी मात्र हसली नाही. ती कोपऱ्यातल्या फळीवर टॉवेल रचत होती. "म्हणजे पाण्याला मागचं सगळं आठवतं म्हण की," ती टॉवेलांकडे बघत म्हणाली.

"सगळं नाही. पण बरंचसं."

"हं."

निघताना पानाने हौदाच्या आत, भिंतीला एक बोटाएवढं यंत्र बांधलं. दर थोड्या वेळाने तापमान टिपून ठेवणारं. "याच्याकडे कुणी लक्ष देऊ नका," त्याने मंडळींना बजावलं. "लाजतं ते."

गाडीच्या मागच्या भागात त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. गाळलेल्या पाण्यात औषध टाकलं की पिवळा रंग चढत जातो. पाण्याने जितका दगड खाल्लेला, तितका पिवळा गडद. भिंगरी नळी उजेडाकडे धरून बसली आणि रंग चढत राहिला. आता थांबेल म्हणता म्हणता आणखी चढला.

"पाना," ती हळूच म्हणाली, "हे पाणी खाली उकळत्या पाण्याहून गरम होतं. बरंच."

"मग उकळलं का नाही?"

"वरच्या डोंगराने दाबून धरलंय. कुकरसारखं." तिचे डोळे नळीसारखेच पिवळे चमकत होते. "एवढ्यात वीज होते, ठाऊक आहे? पाण्याच्या वाफेने नव्हे. हे पाणी एका दुसऱ्या द्रवाला तापवतं, लवकर उकळणाऱ्या, आणि त्याची वाफ चक्र फिरवते. पाणी आपलं काम करून दुसऱ्या बोअरने परत खाली."

"म्हणजे जमिनीकडून उसनं घ्यायचं आणि गार करून परत द्यायचं. माझा शेजारी इस्त्री अशीच नेतो."

इथवर सगळं सरळ होतं. आठवड्याने हौदातलं यंत्र काढून त्याची आकडेवारी संगणकावर उघडली, तेव्हा घोटाळा झाला.

पडद्यावर एक रेघ होती. सकाळी चढायची, दिवसभर वर राहायची, रात्री हळूहळू उतरायची, सकाळी पुन्हा चढायची. टेकड्यांची रांगच. आणि त्या रांगेत मधेच एक खोल दरी. एक अख्खा दिवस रेघ तळाशी पडून होती, आजारी माणसासारखी.

"यंत्र बिघडलं," पाना म्हणाला. त्याने ते उकळत्या पाण्यात घातलं, बर्फात घातलं, दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं.

"ही दरी कुठल्या दिवशी आहे?"

पानाने तारीख पाहिली. "सोमवारी."

सोमवारी न्हाणीघर बंद असतं. 

"झरा सोमवारी सुट्टी घेतो," पाना गंभीरपणे म्हणाला. "कायद्याने बरोबरच आहे. आठवड्याचे बाकीचे दिवस राबतो बिचारा."

भिंगरी खदाखदा हसली. मग कमी हसली. मग हसायची थांबली. खडकाला वार कळत नाही. पावसाने झरा बदलतो, भूकंपाने बदलतो, पण दाराला कुलूप आहे की नाही हे बघून कुठला झरा बदलेल?

पुढच्या सोमवारी मावशी बाजारात गेल्यावर ती जुने कपडे घालून हौदात उतरली. पाण्याला वाफ नव्हती. समोरची भिंत लख्ख दिसत होती आणि त्यामुळे खोली एकदम लहान झाली होती. ती तळापर्यंत गेली, जिथे जाळीतून झरा वर येतो तिथे तळहात धरला. पाणी येत होतं, हाताला ढकलत होतं. पण नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीइतकीच ऊब त्यात होती. जाळीभोवती पांढरा कडक थर साचला होता, जुन्या किटलीत साचतो तसा. बोट घातलं तर निम्मी भोकं बुजलेली.

मग ती भिंतीकडे वळली. पानाने यंत्र बांधलं होतं त्याच्या शेजारीच, पाण्याखाली, एका नळाचं तोंड होतं. आज गार. भिंतीपलीकडे मागची खोली. "तिथे काही नाही गं, जुने टॉवेल," असं मावशी परवाच म्हणाली होती, कुणी न विचारता.

मंगळवारी सकाळी, हौद वाफाळलेला असताना, भिंगरीने जाता जाता त्या खोलीच्या दारावर पालथा हात ठेवला. ताप आलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा. दार गरम होतं.

दाराला नुसती कडी होती, कुलूप नव्हतं. भिंगरीने कडीला हात लावला नाही. दगडांना प्रश्न विचारायची तिला सवय होती. माणसाला विचारायला कुठून सुरुवात करतात, तेवढं कुठल्या पुस्तकात नव्हतं.

शिवाय एक कोडं अजून उरलंच होतं. खाली आग आहे, हे पिवळ्या नळीने सांगितलं होतं. वर कोमट, हे तळहाताने. मग मधल्या वाटेत तो ताप गेला कुठे? पाण्याने स्वतःच आणलेल्या दगडाने स्वतःचाच घसा बुजवला असेल, तर ते आतल्या आत थांबून राहणार नव्हतं. त्याने दुसरी वाट शोधली असणार.

"शोधायचं काय?" पानाने विचारलं. ते ओढ्याच्या काठाने उतरत होते, हातात लांब दांड्याचा तापमापक. "दव न टिकणारी जागा? वाफ? जळका वास?"

"आधी थोडं बघू या तरी."

त्यांनी पुष्कळ बघितलं. ओढा गारच होता. पायपुलाखाली गार, धोबीघाटामागे गार. गल्लीच्या अगदी शेवटी, एका पडक्या भिंतीआड, पाना एकाएकी थबकला.

"इथे कुठे मासळीचं दुकान आहे?"

"नाही. का?"

त्याने बोट दाखवलं. ओढ्याच्या काठच्या दगडगोट्यांवर मांजरं बसली होती. एक करडं, दोन पिवळी, आणि एक म्हातारं कानफाटकं, राजासारखं. वर ढग होते, ऊन कुठेच नव्हतं, तरी सगळी पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून, एखाद्या चुलीभोवती बसावीत तशी.

भिंगरीने म्हाताऱ्या बोक्याची क्षमा मागितली, त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि तो बसला होता तिथल्या गोट्यांत तापमापक खुपसला. आकडा चढला, चढतच राहिला. तिने गोटे बाजूला सारले तशी एक बारीक, हाताला चटका देणारी धार वर आली आणि ओढ्यात मिसळून हरवली.

"सापडलास," ती म्हणाली. गुडघ्यापर्यंत चिखल, बोट भाजलेलं, आणि चेहऱ्यावर लहानपणचं ते अंगठा बुडवतानाचं हसू. "किती दिवस इथे लपून बसलायस?"

"बोअर इथे," पाना म्हणाला.

"बोअर इथे. आणखी नमुने घेऊन, जमिनीतून वीज सोडून खाली पाणी कुठे आहे ते तपासून, मग. पण माझं मन म्हणतं, इथेच."

बोक्याने पुन्हा आपली जागा धरली.

खात्याचा एक नियम होता. अहवाल वर पाठवण्याआधी तो गावात वाचून दाखवायचा, कारण जमीन त्यांच्या पायाखालची. गल्लीतली सगळ्यात मोठी बैठकीची खोली न्हाणीघराचीच, आणि ती वापरा म्हणून मावशीने आपणहून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाचनाच्या आदल्या दुपारी भिंगरी तिच्यासमोर बसली. मधे धुतलेल्या टॉवेलांचा ढीग. दोघी घड्या घालू लागल्या.

"मावशी, उद्या मी तापमानं वाचणार आहे."

"वाच की. त्यासाठीच आलीस."

"तळाच्या जाळीचं वाचणार. भिंतीजवळचं नाही."

मावशीच्या हातातली घडी चुकली. तिने टॉवेल उलगडला, पुन्हा घातली, पुन्हा तशीच तिरकी.

"भिंतीजवळचं जास्त चांगलं आहे," ती म्हणाली. "तेच घे. तुझंही नाव होईल."

"नाव कसलं? त्या आकड्यावर ते बोअर इथे, या हौदापाशी मारतील. कोमट पाणी निघेल. मग म्हणतील, इथे काही नाही, आणि गाड्या भरून निघून जातील. मावशी, खाली खरंच आग आहे. बाटलीत बघितलीय मी."

"आणि तळाचा वाचलास तर?"

"तर टपालकाका विचारतील, मग मी रोज बसतो ते पाणी एवढं गरम कसं."

"विचारतील. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलेला माणूस तो, चौकशीची खोड जायची नाही." मावशीने टॉवेल मांडीवर थापटला. "न वाचता नाही का चालणार?"

"नाही चालणार."

"मग तू काय उत्तर देशील?"

"तेच तुला विचारायला बसलेय."

मावशीने ढिगातला पुढचा टॉवेल ओढला. मग भिंगरीने मांजरांची गोष्ट सांगितली. करडं, पिवळी, कानफाटका बोका, चटका देणारी धार. मावशी ऐकता ऐकता हळूहळू ताठ बसली.

"पडक्या भिंतीमागे? इतक्या जवळ?"

"इतक्या जवळ."

"घर बदललं त्याने," मावशी म्हणाली. आवाजात राग होता, आणि रागाच्या खाली काहीतरी ओलं. "आणि मला पत्तासुद्धा दिला नाही. मला वाटलं..." पुढचं तिने घडीत घालून टाकलं.

"मेला असं वाटलं?"

"परत येईल का गं इथे?"

"आपणहून नाही यायचा. पण बोअर नीट लागली, वीज झाली, तर काम झालेलं पाणीही चांगलं कढत असतं. परत खाली सोडायच्या आधी ते या हौदातून फिरवता येईल का, हे मी त्यांना विचारणार आहे. वचन नाही देत."

"नकोच देऊस. माझ्याकडे एक पाटी आहे वचनाची, ती पुरे आहे." मावशी ढीग उचलून उठली. "आणि उद्या तू उत्तरबित्तर देऊ नकोस. तुझं ते काम नाही."

दुसऱ्या दिवशी खोली भरली. टपालकाका पुढच्या बाकावर, काठी गुडघ्यांत धरून. शिवणकाकू मांडीवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा घेऊन, कारण रिकामे हात त्यांना ओझं वाटत. पानाने नकाशा भिंतीवर टाचला. मावशी दारात उभी होती, आत नाही आणि बाहेरही नाही.

भिंगरीने साध्या शब्दांत सांगितलं. खाली उष्णता आहे. वीज होण्याइतकी असावी असा अंदाज आहे, खात्री बोअरच देईल. बोअर सुचवली आहे ती ओढ्याकाठी, पडक्या भिंतीमागे. मग ती झऱ्यांची तापमानं वाचू लागली. टेकडीवरचा झरा. पुलापलीकडचा. आणि न्हाणीघराचा. तिने आकडा वाचला. मोठ्याने, स्पष्ट, जसा होता तसा.

शिवणकाकूंची सुई थांबली.

"चुकलीस पोरी," टपालकाका प्रेमाने म्हणाले. "एवढ्या पाण्यात तर माणसाला थंडी वाजेल. आज सकाळीच बसलो होतो मी. गुडघे कसे लोण्यासारखे झाले. पुन्हा एकदा बघ कागद."

"कागद बरोबर आहे काका."

"मग मी काय स्वप्नात बसतो?"

कुणीतरी हसलं, पण ते हसू एकटंच पडलं. सगळ्यांच्या नजरा भिंगरीवर. पाना नकाशाचा एक नीट टाचलेला कोपरा पुन्हा टाचू लागला. भिंगरी कागदाकडे बघत राहिली. दाराकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि तेवढं एकच काम आज अवघड होतं.

"तिला नका विचारू."

मावशी आत आली होती. पदराला हात पुसत, जणू आत्ताच हौदातून काढलेत.

"ती माझी भाची आहे. तिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. बघा, न बोलताच झालेत." तिने श्वास घेतला. "टपालकाका, झरा केव्हाचाच कोमट झालाय. आधी वाटलं, आठवड्याभरात येईल ताळ्यावर. मग वाटलं, हिवाळा सरला की. तुम्ही एवढ्या पायऱ्या चढून, गुडघा धरून दारात उभे राहायचात, आणि मी काय सांगणार होते, आज जमीन घरी नाही म्हणून? मागच्या खोलीत बंब आहे. टॉवेल नाहीत तिथे, कधीच नव्हते. जमिनीच्या पोटातलं म्हणून तुम्ही सगळे ज्या पाण्यात बसता ना, ते रोज पहाटे उठून मी तापवते." तिने भिंगरीकडे हात केला. "आणि ही बाटल्या घेऊन आली, त्या दिवशी आच आणखी मोठी केली होती. पोरीचा आकडा चांगला यावा म्हणून."